राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंचे आमंत्रण आले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? चौतीस वर्षे शाळेत फळ्यावर लिहिले आणि आता अंजिराला पाणी घालते." त्यावर त्या म्हणाल्या, "तेच सांगा. आमच्यातल्या कितीतरी जणींची गावाकडे एकरदोन एकर जमीन पडून आहे. कुणाच्या आंब्याची रातोरात लूट होते, कुणाचा बांध सरकतो. एकटी बाई शेत राखते तरी कशी, ते सांगा." म्हणून मी येथे उभी आहे. विषय साधा आहे, पण त्यात माझी एक चूकही आहे. तीही आज सांगणार आहे. ती वगळली तर हे भाषण म्हणजे नुसती काटेरी तारेची जाहिरात होईल.

माझे शेत पुरंदर तालुक्यात. दोन एकर दहा गुंठे. एका एकरात अंजीर, एका एकरात सीताफळ, आणि उरलेल्या दहा गुंठ्यांत विहीर, खोप, गोठा आणि माझी दोन खोल्यांची वस्ती. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच वर्षी मी सेवानिवृत्त झाले. यजमान त्याच्या आधीच गेलेले. मुलगी परगावी. सगळ्यांनी सांगितले, जमीन वाट्याने द्या आणि पुण्यात राहा. मी म्हटले, एक वर्ष राहून तर पाहू. ते वर्ष काही अजून संपले नाही!

दोन एकर म्हणजे काही थोरली शेती नव्हे. पण २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे आपल्या राज्यात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपासच जमीन आहे. तेव्हा माझी गत ती बहुतेकांची गत. आणि लहान शेताची राखण मोठ्या शेतापेक्षा अवघड. मोठा बागाईतदार दोन गडी राखणीला ठेवतो. आपल्याला तो पगार परवडत नाही. आणि चोरी झाली तर एका रात्रीत वर्षाची कमाई जाते. म्हणून लहान शेताला पैशाची राखण नको, अकलेची हवी. माझ्या शेताला चार कुंपणे आहेत, ती एकेक करून सांगते.

पहिले कुंपण कागदाचे. भगिनींनो, रात्री येणारा चोर पोते नेतो. पण कागदाच्या वाटेने येणारा सारे शेतच नेतो. पती निवर्तल्यावर पत्नी ही वारस, हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच ठरलेले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. पण कायद्यात असणे वेगळे आणि सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे. कित्येक बायका दुःखाच्या भरात वारसनोंद करावयाचे राहून देतात, आणि दहा वर्षांनी पाहतात तो शेतावर भलत्याचीच वहिवाट! सातबारा आता घरबसल्या मोबाइलवर पाहावयास मिळतो. दर संक्रांतीला तिळगूळ करतो तसा सातबाराही एकदा पाहावा, असा माझा नेम आहे. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी आली आहे, त्यात आपल्या पिकाची नोंद आपणच करावी. त्यासाठी फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो. आपले पीक आपल्या नावावर लागले म्हणजे वहिवाटीचा पुरावा आपोआप जमत जातो.

कागदाच्या कुंपणाचा दुसरा भाग म्हणजे मोजणी. मी राहावयास आले तेव्हा पश्चिमेचा बांध मला बारीक वाटला. यजमानांच्या वेळी त्यावरून बैल जोडीने चालत. आता मीच एक पाऊल पुढे टाकून तोल सावरीत होते. शेजार कुणाचा? माझ्या चुलत दिरांचा. त्यांना मी अण्णा भाऊजी म्हणते. बांध कोणी एका दिवसात खात नाही. दर नांगरटीला वीतभर कोरतात. नांगरणारा म्हणतो, ट्रॅक्टर जरा वळला हो! आता हिशेब पाहा. बांध तीनशेतीस फूट लांब असला आणि तीन फूट आत आला, तर नऊशेनव्वद चौरस फूट गेले. गुंठा असतो एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. म्हणजे शब्दही न बोलता गुंठाभर जमीन गेली.

मी भांडले नाही. भांडून बांध जागेवर येत नसतो, उलट पिढ्यांचे वैर येते. मी २०१७ साली भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज केला, शुल्क भरले आणि अण्णा भाऊजींना आधी घरी जाऊन सांगितले, "भाऊजी, मोजणी तुमच्यावर संशय म्हणून नाही. मी एकटी बाई. उद्या माझ्या लेकीला ठाऊक असावे, आपले कुठपर्यंत." मोजणीदार आले, खुणा निघाल्या, मी तेथे दगड पुरून त्यांना चुना लावला आणि नकाशाची क प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवली. भाऊजी दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग अंजिराचा पहिला तोडा त्यांच्या घरी पाठवला, तेव्हा जाऊबाईंनी रिकामे ताट परत पाठवले नाही, त्यात भिजवलेल्या डाळीची वाटी आली. समेट झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कोणी जमिनीवर घुसून ताबा घेतला किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालयाच्या १९०६च्या कायद्याखाली दाद मागता येते, पण ती सहा महिन्यांच्या आत. आपण बायका 'बघू, दिवाळीनंतर' म्हणतो आणि मुदत निघून जाते.

दुसरे कुंपण काट्याचे. तारेचे कुंपण मीही घातले आहे, रस्त्याच्या बाजूला. पण चारही बाजूंनी घालावयाचे तर खांब, तार आणि मजुरी मिळून माझी फंडाची रक्कम त्यातच संपली असती. शिवाय तारेला पक्कड पुरते. म्हणून बाकीच्या तीन बाजूंना मी जिवंत वई केली. आमच्या सासूबाईंच्या वेळी घायपात होती, ती राखली. मधल्या फटींत सागरगोटा लावला. लहानपणी आपण सर्वजणी सागरगोटे खेळलो, पण त्याचा वेल किती काटेरी असतो हे किती जणींनी पाहिले आहे? देठाला काटे, पानाला काटे, शेंगेलासुद्धा काटे. बी फार टणक असते, तसेच पेरले तर उगवायला फार दिवस लावते. खरखरीत दगडावर घासून, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मृगाच्या पावसात लावले, तर चांगले उगवते. तीन वर्षांत अशी भिंत होते की मांजरही आत शिरताना विचार करील. शेराची वईही काही ठिकाणी करतात, शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी येते. घरात नातवंडे असतील तर मी शेर लावा म्हणून सांगणार नाही.

वई झाली म्हणजे येण्याची वाट एकच राहते आणि फाटकापाशी लक्ष ठेवले की काम भागते. मोकाट गुरे हा मोठा उपद्रव असतो, त्याला वई हाच उपाय. तरीही गुरे शिरलीच तर त्यांना मारू नये. शेतात नुकसान करणारी गुरे धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालण्याची तरतूद १८७१च्या कायद्यापासून आहे. पण बहुतेक वेळा मालकाला हाक मारून पुरते. मुक्या जनावराला कुंपण कळत नाही, त्याच्या मालकाला कळते.

येथे एक कळकळीचे सांगणे आहे. कुंपणाच्या तारेत घरची वीज कधीही, कितीही राग आला तरी, सोडू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेने माणसे मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यात चोर क्वचितच असतो. पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी असतो, शेळीमागे धावलेले पोर असते, नाहीतर घरचाच माणूस असतो. हा गुन्हा तर आहेच, पण गुन्ह्यापेक्षा पाप मोठे आहे. सौर कुंपण म्हणून मिळते ते निराळे. त्यात प्रवाह क्षणभर झटका देतो आणि थांबतो, जनावर बिचकते पण मरत नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी सरकारी मदतही मिळते. ते जाणकाराकडून बसवून घ्यावे, आपल्या हाताने काही जोडू नये.

तिसरे कुंपण डोळ्यांचे आणि कानांचे. माझ्याकडे दोन गावठी कुत्री आहेत, एक मोती आणि एक राणी. राणीची झोप मोतीपेक्षा सावध. दिवसा बांधून, रात्री मोकळी. दोघांना दरवर्षी पिसाळीची लस टोचून घेते, कारण राखणदारच घातकी झाला तर काय उपयोग! त्यांना खाणे मी माझ्या हातानेच घालते. गडीमाणसाच्या हातचे खायची सवय लागली की तो माणूस रात्री आला तरी ती शेपटी हलवतात.

दुसरा राखणदार फुकटचा आहे, टिटवी. माळावर कोणी चालू लागले की रात्री कितीही वाजले असोत, टिटवी ओरडत उठते. आपल्याकडे तिचे ओरडणे अशुभ मानतात. सासूबाई तर ती ओरडली की उठून देवापुढे दिवा लावीत. मी उठून बॅटरी लावते. तिच्या ओरडण्याची दिशा पाहिली की माणूस कोणीकडून चालला आहे ते कळते.

आता कॅमेरेही निघाले आहेत, सिमकार्डावर आणि सूर्यप्रकाशावर चालणारे. मुलीने एक बसवून दिला आहे. चांगला आहे. पण कॅमेरा चोरी झाल्यावर सांगतो, कुत्रे चोरी होण्याआधी सांगते. दोन्ही असावीत.

चोरी कशाची होते, तेही नीट पाहावे. फळांची होते, पण त्याहून अधिक विहिरीवरच्या वस्तूंची होते. मोटारीची केबल, कारण तिच्यात तांबे असते. स्टार्टरची पेटी, ठिबकच्या नळ्या, पितळी कॉक. म्हणून मोटार घेतली की तिचा क्रमांक वहीत उतरवावा, पावती जपावी, आणि वेल्डिंगवाल्याकडून मोटारीच्या अंगावर आपले नाव व गाव ठसठशीत कोरून घ्यावे. ज्या वस्तूवर नाव आहे ती भंगारवाला सहजी घेत नाही. केबल शक्य तेथे जमिनीत हातभर खोल पाइपातून न्यावी. फळांच्या बाबतीत एकच नियम, तयार माल रात्री झाडावर ठेवू नये. सीताफळाचे डोळे उघडले, खवल्यांमधली फट पांढुरकी दिसू लागली, की ते काढायचेच. आज नको, उद्या भाव येईल, म्हणून थांबलात तर तो भाव चोराला मिळतो. आणि माल भरलेल्या पाट्या खोपीत ठेवू नयेत, वस्तीत आणाव्यात. हा नियम मी कोणत्या किमतीला शिकले ते आता सांगते, कारण चौथे कुंपण त्यातच आहे.

२०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी कऱ्हेला मोठा पूर आला होता, आमच्या तालुक्याची फार हानी झाली. माझी सीताफळे उंचावर म्हणून वाचली. दिवाळीला पंधरा दिवस होते. संध्याकाळी अठरा पाट्या भरून खोपीत रचल्या, टेम्पो सकाळी येणार होता. रात्री मला कणकण होती, गोळी घेऊन झोपले. सकाळी पाहते तो खोप रिकामी, आणि विहिरीवरची दोनशे फूट केबल कापून नेलेली. मोती आणि राणी फाटकापाशी शांत बसलेली! त्या शांततेचा अर्थ मला त्याच क्षणी कळावयास हवा होता. कळला नाही.

तासाभरात माणसे जमली. गावाबाहेरच्या माळावर आठ दिवसांपूर्वी पारध्यांची चार पाले उतरली होती. कोणीतरी म्हणाले, "बाई, आणखी कोण असणार?" बस्स, एवढाच पुरावा. दहाबारा जण निघाले आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. कोणी मला ओढून नेले नाही. मी माझ्या पायांनी गेले, कारण मलाही तसेच वाटत होते.

पालांत पुरुष नव्हतेच, कामाला गेले होते. दोन बायका, एक म्हातारी आणि मुले. आमच्या मुलांनी त्यांची भांडी उलटी केली, गोधड्या झटकल्या. एका पालात सीताफळांची पाटी निघाली. लहान लहान, काळपट फळे. ती बाई म्हणाली, "डोंगरातली आहेत, आई. विकायला आणलीत." आमच्या डोंगरउतारांवर सीताफळ आपोआप उगवते, हे पुरंदरच्या पोरासोरांनाही ठाऊक. माझी फळे बागेतली, मुठीत न मावणारी. ही फळे माझी नाहीत हे मला पाहताक्षणी कळले. कोणीतरी विचारले, "बाई, तुमचीच ना?" आणि मी, चौतीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवलेली मी, म्हणाले, "असतील."

एवढा एकच शब्द. त्या बाईने माझ्याकडे पाहिले. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने पाटी माझ्या पायांपाशी आणून ठेवली आणि पोराला कडेवर घेतले. संध्याकाळपर्यंत चारही पाले उठून गेली. ती पाटी कोणीतरी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. ती फळे मी खाल्ली नाहीत, टाकवलीही नाहीत. ओट्यावरच सडली.

वीसएक दिवसांनी तालुक्याच्या गावी केबल जोडून घ्यायला गेले होते. ज्याच्याकडून मोटार घेतली तो दुकानदार ओळखीचा. तो हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या भाऊकीतला मुलगा तांब्याची तार विकायला आला होता. आमच्या शेजारच्या भंगारवाल्याने घेतली नाही." त्याने नाव सांगितले. तो अण्णा भाऊजींचा धाकटा मुलगा. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. मोतीला नि राणीला लहानपणापासून खेळवणारा. म्हणूनच ती भुंकली नव्हती. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या जुगारात त्याच्यावर कर्ज झाले होते.

मी त्याला बोलावून विचारले. तो जागच्या जागी खाली बसला आणि म्हणाला, "काकी, आबरू वाचवा." आणि मी वाचवली. पोलिसांत गेले नाही. अण्णा भाऊजींनी नुकसान भरून दिले, गोष्ट चार भिंतींत राहिली. कुंपणाने शेत खाल्ले ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करावयास देत असे. त्या दिवशी तिचा अर्थ कळला. पण त्याहून अधिक बोचली ती दुसरी म्हण, चोर सोडून संन्याशाला फाशी. घरच्या चोराला मी पुरावा असताना झाकले, आणि परक्यांना पुरावा नसताना गावासमोर चोर ठरवले. रात्री अंथरुणावर पडले की मला त्या बाईचे पाटी ठेवणारे हात दिसत.

तेव्हा मी जरा वाचन केले. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला. गुरे कोंडवाड्यात घालण्याचा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग पाहा. या दुसऱ्या कायद्याने जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्या माणसांनी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून हलावयाचे नाही. सोलापुरात त्यांच्या वसाहतीभोवती तारेचे कुंपण होते. आपण चोर आत येऊ नये म्हणून कुंपण घालतो. त्यांना चोर ठरवून कुंपणाच्या आत घातले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला. देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांना पाच वर्षे थांबावे लागले. आणि माझ्या मनातला शिक्का २०१९ सालीही पुसलेला नव्हता.

आमच्या पुरंदरात तर हे अधिक ठाऊक असावयास हवे. पूर्वी गावाची राखण रामोशी करीत, आणि त्याबद्दल गाव त्यांना धान्य देई. चोरी झाली की माग काढून देणे त्यांच्याकडे असे, आणि माग दुसऱ्या गावच्या शिवेवर पोचला की पुढची जबाबदारी त्या गावची. आमच्याच तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक त्या समाजातले. इंग्रजांनी १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी दिले, आणि आज आपण त्यांची जयंती करतो. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आपली राखण केली त्यांना राज्यकर्त्यांनी दरोडेखोर म्हटले. अमुक जात म्हणजे चोर, हे म्हणणे किती सोपे आणि किती खोटे असते, हे आमच्या डोंगरांना ठाऊक आहे.

तर चौथे कुंपण माणसांचे. ते असे. पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. मुलाचे नाव घेतले नाही, पण एवढे सांगितले की, "माझी चोरी पालांतल्या माणसांनी केली नव्हती. ते मला आता पक्के ठाऊक आहे. त्यांच्या पाटीतली फळे माझी नाहीत हे मला त्याच दिवशी कळले होते, तरी मी खोटे बोलले." सभेत कोणी काही बोलले नाही. अण्णा भाऊजी मान खाली घालून बसले होते. मग पोलीस पाटील म्हणाले, "बाई, यापुढे काय करावे म्हणता?" तेव्हा आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि त्या अजून पाळतो.

चोरी झाली तर आधी जागेला हात लावावयाचा नाही, पावले पुसावयाची नाहीत, फोटो काढावयाचे. काय गेले त्याची यादी क्रमांकासह लिहावयाची. पोलीस पाटलांना कळवून ठाण्यात फिर्याद द्यावयाची, आणि चोर पाहिला नसेल तर फिर्यादीत 'अज्ञात इसम' एवढेच लिहावयाचे. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावयाची. कोणाच्या घराची किंवा पालाची झडती गावाने घ्यावयाची नाही, ते काम पोलिसांचे. आणि रात्री आवाज आला तर एकटीने बाहेर पडावयाचे नाही. दिवे लावावे, ११२ क्रमांकाला फोन करावा, शेजाऱ्याला हाक मारावी. आमच्याकडे ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर साऱ्या गावाचे मोबाइल वाजतात. आपल्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही तो आहे. पण जरुरीपुरताच बळाचा उपयोग, असे तो कायदा सांगतो. पकडलेल्या माणसाला झाडाला बांधून मारणे हे रक्षण नव्हे, तो दुसरा गुन्हा होतो.

आणि एक ठरवले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. माळावर कोणी पाले घेऊन उतरले, मेंढरे घेऊन धनगर आले, तर पहिल्याच दिवशी गावातल्या दोघी जणींनी जाऊन विचारावयाचे, पाणी कुठले भरता, मुले किती, आजारी कोणी आहे का. मग ते अनोळखी राहत नाहीत. मेंढवाडा माझ्या शेतात दोन रात्री बसला तर मला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळांची कुत्री माझ्या शेताची राखण करतात. ज्याची विचारपूस केली तो आपल्या शेताकडे लक्ष ठेवतो. तारेला असे लक्ष ठेवता येत नाही.

तुम्ही विचाराल, ती बाई पुन्हा भेटली का? नाही भेटली. जेजुरीच्या सोमवतीला, सासवडच्या बाजारात, रस्त्याकडेला पाले दिसली की मी एसटीतून उतरून चौकशी केली आहे. नाव तर मी त्या दिवशी विचारलेच नव्हते, मग शोधू कोणाला? दर हंगामात डोंगरातली सीताफळे घेऊन बायका रस्त्याला बसतात. मी त्यांच्याकडून घासाघीस न करता एक पाटी विकत घेते. माझ्या बागेत झाडे भरलेली असतात, लोक हसतात. हसू देत. त्याने ते कर्ज फिटते असे मी समजत नाही.

तो मुलगा आता माझ्याकडे काम करतो. पहिली दोन वर्षे मी त्याची मजुरी त्याच्या हाती न देता जाऊबाईंकडे देत होते. विहिरीची किल्ली आता त्याच्याकडेच असते. काही जण म्हणतात, बाई, तुम्ही चोराच्या हाती किल्ली दिलीत. मी म्हणते, त्याला संधी मिळाली, कारण तो आमचा होता. जे आमचे नव्हते त्यांना मी साधे 'नाही, ही माझी नव्हेत' एवढे शब्दसुद्धा दिले नाहीत. हा फरक मला डाचतो आणि डाचत राहावा.

भगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांनी या सुटीत तेथे जाऊन या. सातबारा पाहा, हद्दीचे दगड पाहा, वई लावा, कुत्रे पाळा, मोटारीवर नाव कोरून घ्या. हे सर्व करा. पण कोणाचे नाव चोर म्हणून तोंडातून काढण्याआधी एक रात्र थांबा. सीताफळे काय, पुढच्या वर्षी पुन्हा लागतात.